अपग्रेड केलं तरी तीच त्रुटी परत: जुनी लायब्ररी सर्व्हरवर नेमकी कुठे दडते

ऑडिटचा अहवाल येतो आणि त्यात ओळखीचीच ओळ असते: लॉग४जे-कोअर २.१४.१, सीव्हीई-२०२१-४४२२८, तीव्रता १०. लॉग४जे ही जावा प्रोग्रामसाठी लॉग लिहिणारी लायब्ररी, सीव्हीई हा जाहीर झालेल्या त्रुटीचा क्रमांक. तुम्ही पॉम फाइल (मेव्हन या जावाच्या बिल्ड-साधनासाठी लिहिलेली लायब्ररींची यादी) उघडता, तर तिथे २.१७.१ लिहिलेलं. बिल्ड व्यवस्थित झालेलं, डिप्लॉय झालेलं, ग्राहकाला दुरुस्ती झाल्याचं लेखी कळवलेलं. तरीही स्कॅनर जुनीच आवृत्ती दाखवतो. मग धंतोलीतल्या रुग्णालयातून किंवा वाडीतल्या ट्रान्सपोर्टरकडून फोन येतो, "काहून जी, मागच्या बारीला तर काढलं म्हणे तुम्ही हे. पुन्हा आलं ना!"

परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये बसून विदर्भातल्या ग्राहकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या लहान चमूंना हा अनुभव नवा नाही. कुठे रुग्णालयाचं बिलिंग, कुठे बिल्टीचं सॉफ्टवेअर, कुठे पतसंस्थेची कर्जखाती. भाषा बहुतेक जावा, थोडं नोड, थोडं पायथॉन. लायब्ररी दर वेळी वेगळी असेल, पण अपग्रेड करूनही त्रुटी परत येते तेव्हा कारणं बहुधा त्याच चार-पाच जागी सापडतात. त्या जागा कोणत्या क्रमाने तपासायच्या ते इथे लिहितो.

माझं सांगणं एकच आहे. पॉम फाइल, नोडची पॅकेज फाइल, पायथॉनची रिक्वायरमेंट्स फाइल या तुम्हाला काय हवं होतं ते सांगतात. चालू प्रोसेसने काय उचललंय ते फक्त सर्व्हर सांगतो. म्हणून शोध सर्व्हरपासून सुरू करायचा आणि तिथून मागे बिल्डकडे यायचं. बहुतेक जण उलट करतात: पॉममध्ये आकडा बदलतात, पुन्हा स्कॅन मागवतात, आणि तीच ओळ पुन्हा बघतात.

चालू प्रोसेसला विचारा

अहवालात स्कॅनरने फाइलचा पूर्ण मार्ग दिलेला असतो. तो नीट वाचा. अर्धा उलगडा तिथेच होतो, कारण पुष्कळदा तो मार्ग तुमच्या अ‍ॅप्लिकेशनचा नसतोच. मागच्या वर्षीच्या बॅकअप फोल्डरचा असतो, किंवा त्याच मशीनवर दुसऱ्या कोणी बसवलेल्या रिपोर्टिंग टूलचा.

मार्ग तुमचाच असेल, तर लिनक्सवर एलएसओएफ कमांडला प्रोसेसचा क्रमांक देऊन उघड्या जार फाइलींची (जावाचा कोड बांधलेल्या संचांची) यादी काढा. जुना जार त्यात दिसला, तर तो खरोखर वापरात आहे. एखाद्या नावापुढे 'डिलीटेड' अशी खूण असेल, तर फाइल डिस्कवरून गेली, पण प्रोसेस अजून तीच धरून बसली आहे. रीस्टार्ट झालेलं नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतल्या हार्टब्लीड त्रुटीच्या वेळी हेच झालं. ओपनएसएसएलची दुरुस्त आवृत्ती १.०.१जी ७ एप्रिलला आली, लोकांनी पॅकेज बसवलं, पण वेबसर्व्हर रीस्टार्ट केला नाही तिथे जुनी लायब्ररी मेमरीत चालूच राहिली. शिवाय त्या त्रुटीतून खासगी की बाहेर गेलेली असू शकत होती, त्यामुळे नुसतं पॅकेज बदलून काम संपत नव्हतं. प्रमाणपत्रंही नवी काढावी लागत होती.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या एकत्रित जारमध्ये मात्र एलएसओएफ अर्धीच गोष्ट सांगतं. बाहेरचा एकच जार दिसतो, आतले दिसत नाहीत. तिथे अनझिपने जारची अनुक्रमणिका काढून 'बूट-इन्फ' फोल्डरखालच्या 'लिब'मध्ये काय आहे ते बघा. हे सर्व्हरवरच्या जारवर करा, स्वतःच्या लॅपटॉपवरच्या नव्हे. तरी शंका उरली, तर चाचणीच्या सर्व्हरवर जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) क्लास-लोडचा लॉग चालू करून सुरू करा. त्या लॉगमध्ये प्रत्येक क्लाससमोर तो कुठून आला ते छापून येतं. यापुढे वाद उरत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच तपासून घ्या. लॉग४शेल, म्हणजे वरची सीव्हीई-२०२१-४४२२८, ही त्रुटी लॉग४जे-कोअरमध्ये आहे. नुसता लॉग४जे-एपीआय जार असेल, तर ही त्रुटी लागू होत नाही. स्प्रिंग बूट मुळात लॉगबॅक ही दुसरी लॉगिंग लायब्ररी वापरतो आणि सोबत एपीआय जार आणतो, त्यामुळे नावावरून शोधणाऱ्या स्क्रिप्ट तिथे उगाच ओरडतात. असा मुद्दा दुरुस्त करण्याचा नसतो, कारण देऊन बंद करण्याचा असतो.

बिल्डमध्ये आवृत्ती कोण ठरवतं

सर्व्हरवरच्या जारमध्ये जुनी लायब्ररी खरंच आहे आणि पॉममध्ये नवी लिहिली आहे, असं असेल तर मधल्या कोणीतरी तुमचा आकडा बाजूला सारला आहे. इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त तास याच जागी वाया जातात.

तुम्ही थेट मागितलेल्या लायब्ररीही स्वतः पुढच्या लायब्ररी मागतात. एकच लायब्ररी दोन वाटांनी, दोन आवृत्त्यांत आली, तर मेव्हन या लायब्ररींच्या झाडात मुळाच्या जवळची निवडतो. दोन्ही सारख्याच खोलीवर असतील, तर आधी लिहिलेली. नवी कोणती आणि सुरक्षित कोणती, हे तो बघत नाही. ग्रॅडल (दुसरं बिल्ड-साधन) मुळात सर्वांत वरची आवृत्ती घेतो. त्यामुळे एकाच चमूतले दोन प्रकल्प, एक मेव्हनवर आणि एक ग्रॅडलवर, त्याच लायब्ररींसह वेगळे निकाल देतात आणि लोक गोंधळतात. मेव्हनच्या डिपेंडन्सी प्लगइनचं 'ट्री' गोल चालवा आणि व्हर्बोज पर्याय सुरू ठेवा. कोणती आवृत्ती कोणामुळे गळली ते त्यात दिसतं.

यावर उपाय म्हणून आवृत्ती पॉमच्या डिपेंडन्सी-मॅनेजमेंट विभागात बांधून टाकायची. पण त्यातही एक खाच आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. स्प्रिंग बूटचा पॅरेंट पॉम (ज्याच्यावर तुमचा पॉम आधारलेला असतो तो) वापरत असाल, तर प्रॉपर्टीजमध्ये लॉग४जे२ च्या आवृत्तीचा आकडा बदलला की पुरे. मात्र पॅरेंट तुमच्या कंपनीचा स्वतःचा असेल आणि स्प्रिंग बूटची आवृत्त्यांची यादी, म्हणजे बॉम, तुम्ही इम्पोर्ट केली असेल, तर तीच प्रॉपर्टी लिहून काहीही होत नाही. चूक दाखवली जात नाही, इशारा येत नाही, बिल्ड यशस्वी होतं आणि जुनी आवृत्ती तशीच आत जाते. तिथे लॉग४जेची नोंद डिपेंडन्सी-मॅनेजमेंटमध्ये स्प्रिंग बूटच्या बॉमच्या वर करावी लागते. पॉममध्ये नवा आकडा डोळ्यांना दिसतोय आणि जारमध्ये जुना आहे, अशी तक्रार माझ्याकडे आली की मी पहिलं हेच विचारतो: पॅरेंट आहे की इम्पोर्ट?

जुन्या जावावर अडकलेल्या ग्राहकांसाठी आकडे नीट लक्षात ठेवा. २०२१ च्या डिसेंबरात लॉग४जेच्या दुरुस्त्या एकामागून एक आल्या: २.१५.०, मग २.१६.०, २.१७.० आणि शेवटी २.१७.१. पहिल्या दुरुस्तीतच सीव्हीई-२०२१-४५०४६ ही त्रुटी उरली होती, त्यामुळे १० डिसेंबरला घाईने अपग्रेड करून फाइल बंद केलेले प्रकल्प पुढच्या अहवालात पुन्हा दिसले. जावा ७ वर २.१२.४ आणि जावा ६ वर २.३.२ या दुरुस्त आवृत्त्या आहेत. आणि कोणी लॉग४जे १ वर आहे म्हणून निश्चिंत असेल, तर त्या शाखेची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्येच थांबली आहे. तिच्या स्वतःच्या त्रुटी वेगळ्या आहेत.

नोडमध्ये गुन्हेगार बहुधा लॉक फाइल, म्हणजे बसवलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद, असते. पॅकेज फाइलमधल्या मर्यादेत नवी आवृत्ती बसत असली, तरी लॉक फाइलमध्ये आतल्या लायब्ररीची जुनी आवृत्ती नोंदलेली असेल, तर एनपीएम (नोडचं लायब्ररी बसवणारं साधन) तीच बसवतो. 'एनपीएम एलएस'ला लायब्ररीचं नाव देऊन बघा. एकच लायब्ररी तीन जागी तीन आवृत्त्यांत निघाली, तर आश्चर्य वाटायला नको. आतली आवृत्ती सक्तीने बदलायची असेल, तर पॅकेज फाइलमध्ये ओव्हरराइड्स विभाग आहे. 'ऑडिट फिक्स'ला फोर्स लावण्याची घाई मात्र करू नका. तो मोठ्या आवृत्त्या बदलून टाकतो आणि मग त्रुटी जाते, पण बिलिंगही बंद पडतं. पायथॉनमध्ये पिप या साधनाने लायब्ररींची यादी काढताना गुनिकॉर्न हा पायथॉनचा वेबसर्व्हर ज्या व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटमधून चालतो, तीच सुरू आहे ना एवढं बघा.

दुसऱ्याच्या पोटातली लायब्ररी

काही लायब्ररी आपल्या गरजेच्या दुसऱ्या लायब्ररी स्वतःच्या जारमध्येच मुरवून घेतात. याला शेडिंग म्हणतात. अशी लायब्ररी मेव्हनच्या झाडात दिसत नाही, एक्सक्लूजन लिहून निघत नाही, आणि कधी पॅकेजचं नावही बदललेलं असतं. आतली मेव्हनची माहिती शिल्लक असेल, तर स्कॅनरला ती सापडते. ती काढून टाकलेली असेल, तर एका स्कॅनरला दिसते आणि दुसऱ्याला नाही, आणि दोन ऑडिटरांचे दोन अहवाल जुळत नाहीत. लॉग४शेलच्या बाबतीत असं मुरलेलं लॉग४जे-कोअर शोधण्याचा मार्ग म्हणजे प्रत्येक जार आणि त्याच्या आतले जार उघडून जेएनडीआय-लुकअप या नावाचा क्लास, म्हणजे ही त्रुटी ज्यातून घडते तो, शोधणे; सापडला की मग आवृत्ती ताडायची.

याला इलाज एकच: ती बाहेरची लायब्ररीच बदलायची, किंवा तिच्या निर्मात्याकडून नवी आवृत्ती मागायची. विकत घेतलेल्या उत्पादनात असेल, तर लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

डिप्लॉयची जागा

आता जार शुद्ध आहे, पण सर्व्हरवर जुनाच सापडतो. टॉमकॅट या जावा वेबसर्व्हरवर 'वेब-इन्फ'मधल्या 'लिब' फोल्डरात हाताने किंवा आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने फाइली टाकण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. जारच्या नावातच आवृत्ती असते, त्यामुळे नवा जार जुन्यावर बसत नाही, शेजारी बसतो. दोन्हींपैकी कोणता आधी लोड होईल याची हमी टॉमकॅट देत नाही. आरसिंकला डिलीट पर्याय द्या, किंवा त्याहून बरं म्हणजे अ‍ॅपचं जुनं फोल्डर पूर्ण काढून नवी वॉर फाइल टाका.

नागपूरच्या उन्हाळ्यात एक खास प्रकार घडतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, ग्राहकाच्या सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडतो किंवा वीज जाऊन यूपीएस संपतो, आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. तुम्ही हिवाळ्यात नव्या फोल्डरात नवं अ‍ॅप्लिकेशन टाकून हाताने सुरू केलेलं असतं. मशीन उठताना काय सुरू करायचं ते सांगणारी सिस्टमडीची सर्व्हिस फाइल किंवा आरसी-लोकल मात्र जुन्याच फोल्डरकडे बोट दाखवत असते. मशीन उठतं, जुनी आवृत्ती सुरू होते, डेटाबेस तोच असल्याने काउंटरवरच्या कुणाला काही कळत नाही. जूनच्या स्कॅनमध्ये त्रुटी परत. तेव्हा दुरुस्ती केल्यावर सोयीच्या वेळी मशीन एकदा पूर्ण रीबूट करून बघाच. आणि जुनं फोल्डर सर्व्हरवर ठेवू नका. ते मागे घेण्यासाठी हवं असेल, तर दुसरीकडे ठेवा.

डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम तयार इमेजमधून चालवत असाल तिथे, तीन गोष्टी. बेस इमेज ओढताना जुनी कॅश वापरली जाते, म्हणून सुरक्षा दुरुस्तीचं बिल्ड 'पुल' आणि 'नो-कॅश' पर्यायांसह करा. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवरचं नोड-मॉड्यूल्स फोल्डर डॉकरइग्नोर फाइल नसल्यामुळे इमेजमध्ये कॉपी होतं, ते थांबवा. आणि कुबरनेटिसवर (अशा इमेज अनेक मशीनवर चालवणाऱ्या प्रणालीवर) तोच टॅग, म्हणजे इमेजच्या आवृत्तीचं नाव, पुन्हा वापरू नका. 'लेटेस्ट' सोडून इतर टॅगसाठी इमेज-पुल धोरण मुळात 'नसेल तरच आणा' असं असतं, त्यामुळे ज्या मशीनवर त्या टॅगची जुनी इमेज आधीच आहे, ते तीच चालवतं. अहवालात त्रुटी कधी दिसते कधी नाही, असं होत असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. लोड बॅलन्सरमागचा दुसरा सर्व्हर आणि डीआरचं (आपत्तीसाठी राखीव) मशीन राहून गेलं का, तेही याच वेळी बघून घ्या.

तात्पुरता उपाय पुसला जातो

लॉग४शेलच्या दिवसांत लॉग४जे सांभाळणाऱ्या अपाचेने सांगितलेला एक उपाय म्हणजे लॉग४जे-कोअरच्या जारमधून जेएनडीआय-लुकअप क्लास झिप कमांडने काढून टाकणे. उपाय खरा होता आणि त्या रात्री त्याने पुष्कळांना वाचवलं. पण तो सर्व्हरवरच्या फाइलवर केलेला असतो. पुढच्या डिप्लॉयला बिल्डमधून अखंड जार येतो आणि तो क्लास परत येतो. लुकअप बंद करणारा जेव्हीएम पर्याय पुढे अपुरा ठरला. तुमच्या नोंदींत यांपैकी काही 'दुरुस्ती' म्हणून लिहिलेलं असेल, तर ती नोंद आजच पुन्हा उघडा.

स्कॅनर चुकत असेल तेव्हा

उबुंटू, डेबियन, रेड हॅट हे लिनक्सचे वितरक आवृत्तीचा मोठा आकडा तसाच ठेवून दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच आणून लावतात. उबुंटू १२.०४ वर हार्टब्लीडची दुरुस्ती आली, तेव्हाही ओपनएसएसएल स्वतःला १.०.१ च म्हणवत होतं. फरक पॅकेजच्या शेवटच्या आकड्यात होता. फक्त बॅनर, म्हणजे प्रोग्राम स्वतःची सांगतो ती आवृत्ती, वाचणारा स्कॅनर अशा ठिकाणी फसतो. वितरकाच्या सुरक्षा पानावर तो सीव्हीई क्रमांक शोधून, सर्व्हरवरच्या पॅकेजचा पूर्ण आकडा त्याच्याशी ताडून ऑडिटरला कळवा.

उलट बाजूची चूक याहून महाग पडते. इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या पतमाहिती कंपनीच्या प्रकरणात अपाचे स्ट्रट्स या जावा लायब्ररीची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला उपलब्ध होती. कंपनीने नंतर स्कॅनही केलं, पण त्यात ती लायब्ररी सापडली नाही. मे ते जुलै या काळात सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. म्हणून स्कॅन स्वच्छ आला की मी विचारतो, स्कॅनरला त्या फोल्डरात पोचता आलं होतं का? त्याच्याकडे लॉगिन होतं का?

उघडं राहिलेला काळ

जुनी लायब्ररी खरंच चालू होती आणि सर्व्हर इंटरनेटवर होता, तर अपग्रेड हा कामाचा अर्धाच भाग. वेबसर्व्हरच्या लॉगमध्ये डॉलर आणि महिरपी कंसानंतर जेएनडीआय असलेल्या ओळी शोधा. हल्लेखोर ते शब्द तोडून, लोअर-अप्पर असे आतले लुकअप घालून लिहितात, तेव्हा साध्या शोधावर विसंबू नका. क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतल्या) अनोळखी ओळी, विनाकारण चढलेला सीपीयू, बाहेर जाणारी अपरिचित कनेक्शन बघा. काही सापडलं तर फाइली पुसू नका, डिस्कची प्रत काढा, डेटाबेसचे पासवर्ड आणि की बदला. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि १८० दिवसांचे लॉग जपायचे असतात. लहान पतसंस्थेला हे माहीत नसतं. सांगण्याची जबाबदारी आपली.

बिलिंगच्या सर्व्हरला इंटरनेटकडे मोकळं जाण्याची गरज क्वचितच असते. बाहेर जाणारी वाहतूक नेमक्या पत्त्यांपुरती ठेवली, तर लॉग४शेलसारख्या हल्ल्याला बाहेरून क्लास खाली उतरवता येत नाही. डीएनएसवाटे थोडी माहिती तरीही गळू शकते, पण धोका खूप उतरतो. माझ्या मते अपग्रेडच्याही आधी, त्याच संध्याकाळी करण्याचं काम हे आहे.

पुन्हा येऊ नये म्हणून

मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनमध्ये ठरावीक आवृत्त्यांवर बंदी घालण्याचा नियम आहे. एखादी त्रुटी दुरुस्त केली की त्याच दिवशी ती आवृत्ती बंदीच्या यादीत टाका. पुढे कोणी नकळत आणली, तर बिल्डच थांबेल. ट्रिव्ही किंवा ओवॅस्प डिपेंडन्सी-चेक यांसारखा स्कॅनर बिल्डमध्ये बसवा, पण तो तयार इमेजवर आणि सर्व्हरवरही वेळोवेळी चालवा. प्रत्येक रिलीजसोबत सायक्लोनडीएक्सच्या साच्यातली घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, साठवा. ती हाताशी असली की उद्या नवी त्रुटी जाहीर झाल्यावर कोणत्या ग्राहकाकडे ती लायब्ररी आहे, हे सर्व्हरवर न जाता कळतं.

सगळं एकदम होणार नाही, आणि प्रत्येक मध्यम तीव्रतेच्या ओळीमागे धावलं तर महत्त्वाचं मागे पडतं. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेची यादी नोव्हेंबर २०२१ पासून सर्वांना खुली आहे. त्यात असलेली त्रुटी इंटरनेटकडे तोंड असलेल्या सर्व्हरवर असेल, तर ती पहिली.

ऑडिटरला उत्तर पाठवताना पॉम फाइलचा स्क्रीनशॉट पाठवू नका. प्रत्येक सर्व्हरवरच्या चालू प्रोसेसची जार यादी, सर्व्हरवरच्या जारचा हॅश (फाइलचा ठसा) आणि बिल्डमधल्या जारचा हॅश, आणि दुरुस्तीनंतरच्या रीबूटची वेळ, एवढं पाठवा.